सळईला पाणी

आमच्या घरातल्या टीव्हीचं आता कोणी काही वाकडं करू शकत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. विजेचा दाब वाढो, पडो, समोरच्या खांबावर ठिणग्या उडोत, आमचा टीव्ही ढिम्म राहतो. ही सगळी व्यवस्था मी स्वतःच्या अकलेनं केली आहे! त्या अकलेपायी माझी बायको हातातलं काम टाकून धावत घरी आली, तिच्या कुंड्या मेल्या आणि अख्खी इमारत बरेच दिवस माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती, तो भाग वेगळा. तोच सांगायला बसलोय.

माझा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर माप घेतात, साचा माझ्याकडे येतो आणि मी मागच्या गल्लीतल्या माझ्या छोट्याशा खोलीत बसून दात घडवतो. दुसऱ्याच्या तोंडात बोचणार नाही असा दात बसवणं म्हणजे गंमत नाही. केसाइतका फरक पडला तरी गिऱ्हाईक भरल्या ताटावरून उठून माझ्या दारात येतं. त्यामुळे माझ्या अंगात एक भलताच आत्मविश्वास शिरलाय. जो माणूस जबड्यात दात बसवतो त्याला भिंतीत प्लग बसवणं काय जड, असं मला वाटायचं. अजूनही थोडंसं वाटतं.

तर झालं असं, की आमच्या लेकीला मुलगा झाला आणि बायको तिच्याकडे गेली. लेक राहते दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. जाताना बायको म्हणाली होती, बाळानं मान धरली की येते. बाळानं मान धरली. मग ते बसायला लागलं की येते, असं ठरलं. ते बसलं. मग रांगायला लागलं की. आता चालायला लागेपर्यंत राहते म्हणाली. बाळ स्वभावानं निवांत होतं, आजोबांवर गेलेलं, त्याला कसलीच घाई नव्हती. एवढ्या लांबून त्याला उभं राहायला शिकवायची काही सोय असती तर मी केली असती.

घर मला खायला उठलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण विचारलंच नाही कुणी. कामावरून यायचं, कुलूप काढायचं, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या "आलात का?" असं ऐकू येईल म्हणून क्षणभर थांबायचं. मग स्वतःच "आलो" म्हणायचं आणि चपला काढायच्या. फोनवर ती विचारायची, जेवलात का. मी म्हणायचो, जेवलो. तिनं विचारलं, सगळं ठीक ना, की मी म्हणायचो, सगळं ठीक. 'तू ये आता' हे तीन शब्द माझ्या दाताखाली रोज यायचे आणि रोज मी ते गिळायचो. नातवाच्या आजीला परत मागायचं म्हणजे आजोबा किती आपमतलबी, असं लेकीला वाटलं असतं.

आता आमच्या घरातला एक जुना तंटा सांगायला हवा, नाही तर पुढचं कळणार नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी रेकॉर्ड लावतो. माझ्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत. मी खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, गाणारी बाई पहिला सूर लावते, आणि नेमक्या त्या घडीला आमची बाई स्वयंपाकघरात सूपसाठी मिक्सर लावते. मिक्सर लागला की स्पीकरमधून "खर्रर्र" असा आवाज येतो. टीव्ही चालू असला तर टीव्हीच्या चित्रावरही आडव्या रेघा नाचतात. मी खुर्चीतून ओरडतो, "अगं!" ती आतून ओरडते, "झालंच हो, दोन मिनिटं थांबा!" लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. मिक्सर तीनदा बदलला, बाई बदलली नाही आणि मीही नाही.

एक दिवस लेक फोनवर हसत म्हणाली, "बाबा, आईची इथे चैन आहे. मिक्सर लावला की कुणी ओरडत नाही."

ती बोलून गेली आणि दुसऱ्या विषयावर गेली. मी मात्र फोन ठेवून कितीतरी वेळ तिथेच बसलो. ते वाक्य मला दातात अडकलेल्या तंतूसारखं टोचत राहिलं. म्हणजे बाळ वगैरे निमित्त होतं तर. माझ्या ओरडण्याला ती कंटाळली होती. तिकडे निवांत सूप करत होती आणि इकडे परत यायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी मनाशी ठरवलं की हा खर्र घरातून कायमचा घालवायचा. मग तिला सांगायचं, ये, दिवसभर मिक्सर फिरव, मी हूं की चूं करणार नाही. 'तू ये' असं नुसतं म्हणण्यापेक्षा हे मला फार सोपं वाटलं. काय सांगू, वाटलं खरं.

त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरच्या दिव्यांनी भलतंच तेज दाखवलं. घरातले बल्ब आधी मंद झाले, मग असे लखलखले की सगळे खिडकीशी धावले. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या टीव्हीतून धूर निघाला. तो बिचारा टीव्हीवर ओला कपडा घेऊन धावला, त्याच्या बायकोनं त्याला वेळेवर मागे ओढलं म्हणून टीव्हीवरच निभावलं. आमच्या टीव्हीवर लेकीनं एक छोटा कॅमेरा बसवून दिला होता आणि दर रविवारी त्याच टीव्हीवर बायको मला दिसायची, तोंडावर बाळाचा हात आणि मागे लेकीचं स्वयंपाकघर अशी. तो टीव्ही जळाला असता तर रविवार तरी कशासाठी यायचा?

मी तडक विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, विजेचा दाब वाढला तरी काही होऊ नये आणि मिक्सरचा खर्र स्पीकरमध्ये येऊ नये. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यासारखं गिऱ्हाईक त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. त्यानं एक जाडजूड स्टॅबिलायझर काढला. जास्तीचा दाब आला की तो स्वतः झेलणारी एक लांब पट्टी काढली, तिच्यावर सहा सॉकेट. शिवाय एक काळी डबी काढली, तिला तो फिल्टर म्हणाला. विजेतली घाण ही डबी अडवते, म्हणाला. तिन्ही वस्तू मी छातीशी धरून घरी आणल्या.

घरी आल्यावर मी सगळं एकापुढे एक जोडलं. भिंतीच्या सॉकेटात स्टॅबिलायझर, स्टॅबिलायझरात डबी, डबीत पट्टी, पट्टीत टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि टेबलावरचा दिवा, कारण सॉकेटं रिकामी दिसत होती. टीव्हीमागे वायरींचा असा गुंता झाला की रिमोट मागे पडला तर हात घालायला भीती वाटावी. स्टॅबिलायझर दिवसभर "टक्, टक्" करायचा. शेवटी घरात कुणीतरी आवाज करणारं आलं, म्हणून मला तो पहिले दोन दिवस आवडलासुद्धा.

पण त्याचा एक हट्ट होता. वीज जराशी हलली की तो सगळं बंद करून टाकायचा आणि परत चालू करावं की नाही यावर बराच वेळ विचार करायचा. आणि वीज हलायची ती नेमकी रविवारी. बायको पडद्यावर आली, "वाळलात हो तुम्ही," म्हणाली, मी उत्तराला तोंड उघडलं आणि टक्. पडदा काळा. त्याच्यात माझाच चेहरा, तोंड उघडं. स्टॅबिलायझरचा विचार संपेपर्यंत तिकडे बाळाच्या झोपेची वेळ झाली. पुढच्या रविवारीही तसंच. ती म्हणाली, "तुमच्याशी एक बोलायचं होतं," आणि टक्. नंतर फोन करून मी विचारलं, काय बोलायचं होतं. तर म्हणाली, काही नाही, राहू दे. ज्या टीव्हीला मी जपत होतो तोच मला तिचं तोंड दिसू देत नव्हता. पण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हा आमच्या धंद्याचा बाणा.

आता खर्र गेला की नाही हे बघायचं होतं. इथे अडचण आली. मिक्सर स्वयंपाकघरात आणि स्पीकर दिवाणखान्यात. मी मिक्सर लावून धावत बाहेर यायचो तर रिकाम्या भांड्यानं मिक्सर असा काही किंचाळायचा की स्पीकरचा खर्र कुठला आणि मिक्सरचा कुठला हे समजायचं नाही. कुणीतरी आत बसून सूप करायला हवं आणि मी बाहेर खुर्चीत बसायला हवं, रोजच्यासारखं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. शाळा सुटली तरी बाईंचा वर्ग सुटलेला नाही, इमारत हाच त्यांचा वर्ग. मी जिना चढून त्यांना म्हणालो, बाई, जरा आमच्या स्वयंपाकघरात येऊन टोमॅटोचं सूप करता का? मी बाहेर खुर्चीत बसतो, रेकॉर्ड लावतो. तुम्ही मिक्सर लावा. मी ओरडतो का ते बघायचंय.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या नजरेत मला एक ओलसर दया दिसली, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही. त्या खाली आल्या. माझ्या बायकोचा ॲप्रन लावून त्यांनी टोमॅटो उकडले. मी डोळे मिटून खुर्चीत बसलो. मिक्सर लागला आणि स्पीकरमधून जुनाच खर्रर्र आला.

"अगं!" मी सवयीनं ओरडलो.

आतला मिक्सर थांबला. बाई दारात आल्या, म्हणाल्या, "तिची फार आठवण येते ना?" मी म्हटलं, तसं नाही हो, फिल्टर काम करत नाही. बाईंनी मान हलवली, सूप एका वाटीत काढून माझ्यासमोर ठेवलं आणि मी ते संपवेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. सूपात मीठ बेताचं होतं. हिच्या सूपात ते जरा जास्त असतं, मला तसंच लागतं.

मग मी वायरमनला बोलावलं. हा माणूस कुठल्याही घरात शिरला की आधी भिंतीवर हात ठेवून डोळे मिटतो आणि उसासा टाकतो. त्यानं टेस्टर लावून पाहिलं, तीनदा उसासे टाकले आणि निदान केलं. इमारतीच्या अर्थिंगची तार गंजून कधीच तुटली होती. काळ्या डबीनं घाण अडवायची तर ती कुठेतरी टाकायलाही हवी, ती जमिनीत टाकायची, आणि जमिनीकडे जायला वाटच नव्हती. दाब झेलणाऱ्या पट्टीचंही तेच. त्यानं मागच्या अंगणात भिंतीलगत खड्डा खणला, उंचीला माझ्या छातीपर्यंत येईल अशी एक सळई ठोकली, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ भरलं, सळईचं टोक तेवढं वीतभर वर ठेवलं आणि तिथून जाड तार आमच्या बोर्डापर्यंत आणली. जाताना म्हणाला, दिवस उन्हाचे आहेत, माती कोरडी पडली तर काही उपयोग नाही. अधूनमधून पाणी घालत जा. चिमूटभर मीठ टाकलंत तरी चालेल.

अधूनमधून म्हणजे किती, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ घालायला लागलो. बायकोची पितळी झारी गॅलरीत होती, तीच घेतली. झारीत मूठभर मीठ टाकायचं, ढवळायचं, जिना उतरून अंगणात जायचं, सळईपुढे उकिडवं बसायचं आणि बारीक धारेनं पाणी सोडायचं. माती पाणी पिते तेव्हा एक बारीक आवाज होतो. तो ऐकत मी बसायचो. कधी कधी मनातलं तोंडातून निघायचं. "आता येईल बघ," असं मी त्या सळईला म्हटलेलं मला आठवतं. खोटं कशाला बोलू, पाण्याला लागायचा त्याहून जास्त वेळ मी तिथे बसायचो. वर रिकामं घर होतं.

झारीत जे पाणी उरायचं ते मी वाया जाऊ देत नसे. बायकोच्या गॅलरीतल्या कुंड्यांना घालायचो. जाताना तिनं बजावलं होतं, मला विसरलात तरी चालेल, कुंड्यांना विसरू नका. मी दोघींनाही विसरलो नव्हतो. तरी कुंड्या दिवसेंदिवस मान टाकत होत्या. आधी पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळली. मी पाणी वाढवलं. त्या आणखी सुकल्या. मला वाटलं, झाडांनाही तिची सवय असणार. माझा काही इलाज चालेना, तेव्हा मी त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं.

पण खर्र गेला! एका संध्याकाळी मी मिक्सरच्या भांड्यात पाणी भरलं, झाकण दोरीनं बांधलं, बटण दाबलं, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि खुर्चीत येऊन बसलो. स्पीकरमधून गाणारी बाई स्वच्छ, एकटी गात होती. आत मिक्सर फिरत होता त्याचा मागमूसही नव्हता. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. आता रविवारी तिला सांगायचं, की बाई, तू जिंकलीस, ये.

रविवारी ती पडद्यावर आली. तिचे केस विस्कटलेले होते आणि खांद्यावर बाळ झोपलं होतं. मी घाईघाईनं बोलायला लागलो, कारण स्टॅबिलायझरचा काही भरवसा नव्हता. सगळं पाठ करून ठेवलं होतं, पण तिला बघून गडबड झाली आणि सुरुवात मधूनच झाली.

"हे बघ," मी म्हणालो, "आता मिक्सर लाव नाही तर काहीही लाव, मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

टक्.

'म्हणून तू ये' हे मी काळ्या पडद्याला सांगितलं. मग वाट बघत बसलो. स्टॅबिलायझर विचारात पडला तो बाहेरच येईना. शेवटी झारी उचलून मी अंगणात गेलो, कारण संध्याकाळची पाण्याची वेळ झाली होती आणि माझं डोकं फिरलं होतं. मोबाइल घरात टेबलावरच राहिला. तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. बायकोनं मला लागोपाठ फोन केले. मी उचलत नाही म्हटल्यावर तिनं बाईंना फोन केला आणि विचारलं, यांना ऐकू येईनासं झालंय का?

बाई खिडकीत आल्या. खाली मी सळईपुढे बसलो होतो. त्यांनी मला हाक मारली. मी हाक ऐकली की नाही, देव जाणे. मी त्या वेळी स्टॅबिलायझरला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. बाईंनी फोनवर सांगितलं की हाक ऐकू जात नाही. मग, एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं, ते सगळंच सांगून टाकलं. रोज सकाळ-संध्याकाळ लोखंडाच्या कांबीला पाणी घालतात. पाण्यात मीठ टाकतात. तिच्याशी बोलतात. तुझ्या कुंड्या मात्र सगळ्या वाळून गेल्या. आणि एकदा मला तुझा ॲप्रन लावून सूप करायला बसवलं आणि बाहेरून अगं म्हणून हाक मारली. बाईंनी यात एकही शब्द खोटा सांगितला नाही, हेच माझं दुर्दैव.

रात्री मी उलट फोन लावला तर तो लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसलो होतो. फाटकाशी गाडी थांबली. बायको उतरली, हातात एक पिशवी, साडी प्रवासात चुरगळलेली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाली, "अहो. मी. आलेय. ऐकू. येतंय?"

"हळू बोल की," मी म्हणालो. "सगळी इमारत उठेल."

तिनं पिशवी खाली ठेवली. वर खिडकीत बाई होत्या, त्यांच्या शेजारच्या खिडकीत आणखी कोणी, आणि शिंपी गळ्यात टेप अडकवून दारात. मला इतका आनंद झाला होता की उभं राहायचंही सुचेना. मी बसल्या बसल्याच तिला सगळं सांगितलं, दाब, डबी, पट्टी, सळई, मीठ. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिनं डोळे पुसले, पण ते हसू होतं की काय ते कळलं नाही.

"मग कुंड्यांना का नाही घातलंत पाणी?"

"रोज घातलं."

"कशानं?"

मी झारी पुढे केली. तिनं झारीच्या तोटीला बोट लावलं आणि बोट जिभेला. मग माझ्याकडे बघितलं. मी झारीकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत, तरी ती त्या दिवशी दुपारपर्यंत बोलत होती. काय बोलली ते सांगत नाही. मी मुकाट ऐकलं आणि मला ते फार गोड वाटलं.

संध्याकाळी तिनं ॲप्रन लावला. मी रेकॉर्ड लावला आणि खुर्चीत बसलो. माझ्या मेहनतीची परीक्षा होती. गाणारी बाई पहिल्या सुरावर आली, दुसऱ्यावर गेली, अख्खं गाणं संपलं. कुठे ओरखडा नाही. मी खूश होऊन डोळे उघडले तर बायको दारात उभी. हात ओले, चेहरा उतरलेला.

"तुम्ही इथेच होतात?"

"इथेच होतो. का?"

"मिक्सर लावला होता मी. दोनदा लावला."

"कळलंसुद्धा नाही," मी अभिमानानं म्हणालो. "बघ, म्हटलं नव्हतं?"

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही घरात नाही. तिकडे पण असंच व्हायचं. लेकीकडे मिक्सर लावला की मी बटण बंद करून थांबायची. कुणी ओरडतच नव्हतं. एकदा लेकीला बोलून दाखवलं तर ती हसली. त्या दिवशी तुम्हाला तेच सांगायचं होतं, की मला घरी यायचंय, ये म्हणा. तर तुम्ही फोन बंद केलात."

मी बंद केला नव्हता, स्टॅबिलायझरनं केला होता. ती आत गेली. मी उठलो, टीव्हीमागच्या गुंत्यात हात घातला, अ‍ॅम्प्लिफायरची वायर शोधून पट्टीतून उपटली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवरच्या जुन्या, उघड्यावाघड्या सॉकेटात खुपसली. सुई परत पहिल्या गाण्यावर ठेवली. खुर्चीत बसलो. वाट बघितली.

खर्रर्र.

"अगं!" मी ओरडलो. माझा आवाज जरा फाटला, पण वेळेवर लागला.

"झालंच हो," ती आतून म्हणाली, "दोन मिनिटं थांबा."

त्या दिवशीच्या सूपात मीठ जास्त होतं. आम्ही दोघांनी ते संपवलं.

आता शेवटचं सांगतो आणि उठतो. पुढच्याच आठवड्यात रस्त्यावरच्या विजेनं पुन्हा एकदा तेज दाखवलं. टीव्हीला काही झालं नाही, टेबलावरच्या दिव्यालाही नाही. अ‍ॅम्प्लिफायर तेवढा उघड्या सॉकेटात होता, तो जळाला. वायरमन येऊन त्याच्यावर हात ठेवून उसासा टाकून गेला. त्याचा एक भाग आता कुठे मिळत नाही म्हणे, त्यामुळे तो दुरुस्तीच्या दुकानात फळीवर पडून आहे आणि आमचे कपाटाएवढे स्पीकर मुके आहेत. रोज संध्याकाळी मी तरीही खुर्चीत बसतो. आतमध्ये मिक्सर लागतो. स्पीकरमधून काहीच येत नाही, हे तिलाही माहीत आहे. मी ओरडतो, ती दोन मिनिटं थांबायला सांगते, मी थांबतो. वरच्या बाईंनी परवा जिन्यात मला थांबवून हळूच विचारलं, आता बरं वाटतंय ना तुम्हाला? मी हो म्हणालो, आणि झारी घेऊन खाली गेलो.